बंद टोकाची वेणी

सित्तनाच्या मानेवरच्या वेण्या कोण घालतं, यावर आमच्या गावातल्या बायका वर्षानुवर्षं भांडल्या. माझ्या देखत भांडल्या, आणि मी मूग गिळून गप्प बसले, कारण मला ते माहीत होतं. मी रझीना. सित्तनाच्या आणि माझ्या अंगणात एकच मातीची भिंत, तीही पुराने निम्मी खाल्लेली. तिच्याकडे चहा उकळला की मला वास यायचा आणि माझा नवरा खोकला की तिला कळायचं. अशा शेजारात कसलं काय लपतंय!

सित्तना म्हणजे आमची मश्शाता, वेण्या घालणारी. करीमा शहराच्या खाली नाईल नदीकाठी एवढी गावं आहेत, पण तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. लग्न असो, सुंता असो, बाळंतिणीचा चाळिसावा असो, आधी सित्तनाला निरोप जायचा, मग खाटकाला. बाईने बाजेवर आडवं व्हायचं, डोकं तिच्या मांडीत द्यायचं आणि दीड दिवस हलायचं नाही. ती जाड सुईने भांग पाडायची, बोटांना लवंगेच्या वासाचं चरबीतेल चोळायची आणि गवताच्या काडीएवढ्या बारीक वेण्या घालत जायची. टोकाला डिंकाचा ठिपका. एका डोक्यावर इतक्या वेण्या की मोजणाऱ्याला झोप लागावी.

आणि तोंड? तोंड म्हणजे कात्री. दुसऱ्या गावातली कुणी बाई डोकं मिरवत आली की ही बघणार आणि म्हणणार, "छान आहे हो. घालताना भूकंप झाला होता का?" नाकावर माशी बसू द्यायची नाही. पण शिकवायला बसली की मात्र वेगळीच व्हायची. मुलींना म्हणायची, "तीन पेड आहेत. डावा मधल्यावरून, मग उजवा मधल्यावरून. अशा एकूण सहा ओलांडण्या झाल्या की तिन्ही पेड निघाले होते तिथे परत येतात. उठायचं झालं तर सहावर उठा. भाकरी करपत असली तरी सहावर उठा. मधेच उठलात तर आल्यावर कोण कुणाच्या जागी बसलंय ते विचारत बसाल."

आता आपल्याच मानेवर वेण्या कशा घालणार? समोरच्या येतात, कानावरच्या चाचपून येतात, पण मानेवर भांग कोण पाडणार? हात भरून येतात, डोळे तिथे पोचत नाहीत. दुसऱ्या वेणीवालीला ही डोक्याला हात लावू देईना. आणि तरी हिची मान बघावी तर सगळीकडून सुबक! मदीना म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी, सगळ्यांची हबूबा, आजी. तिने तर शपथेवर सांगितलं होतं की नदीतला जिन्न येतो आणि सित्तनाच्या वेण्या घालून जातो.

जिन्न कसला डोंबलाचा! तिचा नवरा घालायचा. कर्रार.

कर्रार चामड्याचं काम करायचा. उंटाच्या म्होरक्या, गाढवाचे पट्टे, आसूड. लग्न ठरलं तेव्हा तो तिच्या बापाच्या अंगणात बसला होता. ती तिरकस बोलली, "तुम्हीही वेणीच घालता म्हणे. चामड्याची. त्यात काय अवघड? चामडं कुरकुर करत नाही." त्याने काही न बोलता एक चपटी वादी काढली. मधे दोन उभ्या चिरा, म्हणजे पेड तीन, पण वर-खाली दोन्ही टोकं अखंड. म्हणाला, "ही घाल." ही हसली. म्हणाली, "वेडे की काय? खालचं टोक मोकळं असल्याशिवाय वेणी पडेल कशी?" त्याने घातली. तिच्या डोळ्यांसमोर, टोक न कापता. मला हे तिने किती वेळा सांगितलं असेल! दर वेळी सांगताना तिची बोटं हलायची.

कसं करतात ते मी नंतर शिकले, म्हणून सांगते. टोक बंद असताना तुम्ही वर पेड ओलांडत गेलात की खाली तेच पेड उलटे गुंततात. वर जेवढी वेणी, खाली तेवढाच उलटा गुंता. मग खालचं टोकच उचलून दोन पेडांच्या मधून पलीकडे काढायचं, आणि पुन्हा एकदा. सहा ओलांडण्या झाल्या की खालचा गुंता मोकळा आणि वरची वेणी तशीच. पाचवर थांबलात तर वादी पिळलेलीच राहते. म्हणजे चामड्यातही सहाच. सित्तनाला हे कळलं तेव्हा ती म्हणे रात्रभर झोपली नाही. आपल्या हातातलं सहा याच्याही हातात निघालं, याचंच तिला कौतुक. असल्या गोष्टीवरून माणसाच्या प्रेमात पडणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

लग्नानंतर एकदा ती मान अवघडून कण्हत बसली होती, तेव्हा तो म्हणाला, "आण इकडे." तेव्हापासून दार लावून तो तिच्या मानेवरच्या वेण्या घालायचा. पुरुषाने बायकोच्या वेण्या घातल्या हे बाजारात कळलं असतं तर त्याला म्होरक्या विकणं कठीण झालं असतं. गड्यांनी त्याला बायकांचा तोब नेसवला असता. पण सवय चामड्याची! आपण आधी वेणी घालतो, मग टोक गोळा करून डिंक लावतो. तो आधी टोकाला डिंक लावायचा. तीन पेड शेजारी शेजारी, चपटे, पट्ट्याच्या टोकासारखे चिकटवायचा, वाळवायचा आणि मग बंद टोकाची वेणी घालायचा, सुईने टोक मधून काढत. उलटं काम. सित्तना पहिल्यांदा हसून हसून पडली. पण तो म्हणाला, "गावातल्या सगळ्या बायकांच्या वेण्या टोकाला सुटू शकतात. तुझ्या नाही." तिने मला हमामाच्या वेळी दाखवल्या होत्या. मानेवर सात-आठ वेण्या आणि प्रत्येकीचं टोक चपटं. "केस ओढला गेला की फुंकर मारतो," असं म्हणाली आणि तोबाचा पदर ओढून घेतला. सित्तना लाजलेली मी तेवढ्यापुरतीच पाहिली.

मूल झालं नाही. मग दुष्काळाच्या वर्षी कर्रार पोर्ट सुदानला जातो म्हणून गेला. बंदरात चामड्याला भाव आहे म्हणे. जायच्या आदल्या दिवशी तिच्या मानेवरच्या वेण्या नव्याने घातल्या. खुंटीवर आपली ती पहिली वादी ठेवून गेला. पहिल्या हिवाळ्यात दोनदा पैसे आले, मग काहीच नाही. मग कुणीतरी सांगितलं, समुद्रात एक पडाव उलटला, त्यात आपल्याकडची माणसं होती. नावं कुणाला ठाऊक नव्हती. गावाने मात्र त्या नावांत कर्रारला बसवून टाकलं.

आमच्यात नवरा गेला की बाई केस सोडते. वेण्या उकलायच्या, पांढरं जाड सुती नेसायचं, अत्तर नाही, मेंदी नाही. चार महिने दहा दिवस चटईवर बसायचं. ते झाल्यावर तिच्या वेण्या घालतात आणि ती पुन्हा माणसांत येते. हबूबा मदीना दर शुक्रवारी काठी टेकत यायची. "बस गं बाई दुखवट्याला. उरकून टाक. अजून तुझं वय आहे, कुणी करेल तुला."

"मयत दाखवा, मग बसते," सित्तना म्हणायची.

"समुद्राने काय मयत दारात आणून द्यायचं?"

"मग समुद्रालाच बसवा दुखवट्याला."

अशी बोलायची आणि मी भिंतीआड हसायची. पण भिंतीच्या खिंडारातून मला दुसरंही दिसायचं. समोरच्या वेण्या ती सोडायची, धुवायची, नव्या घालायची. मानेवरच्या मात्र तशाच. केस वाढत गेले, मुळाशी गुंता झाला, जटा व्हायला लागल्या. ती तेल चोळायची. टोकाचा डिंक सुटत आला की बोटांनी चाचपून तीन पेड चपटे लावायची आणि नवा डिंक. गावभर सुबकपणा वाटत फिरणारी बाई आणि मानेवर ते ओझं! तोब कधी डोक्यावरून सरकू द्यायची नाही, भर उन्हाळ्यातसुद्धा. त्या सोडल्या तर ती विधवा. ठेवल्या तर बायको. तिच्या बायकोपणाला एवढाच एक पुरावा उरला होता आणि तो तिला स्वतःला दिसतही नव्हता. एकदा मी म्हटलं, "मी मोकळ्या करते, धुते, परत घालते. कुणाला कळायचं नाही." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी चहा घ्यायला विसरले.

अशी सहा-सात वर्षं गेली. एकटेपणाचा वास येतो बघा घराला. एका माणसाची भाकरी, एका माणसाचा पेला. सणाला ती दहा घरच्या बायकांना मांडीवर घेऊन नटवायची आणि घरी येऊन दिवा न लावताच पडायची.

एका हिवाळ्याच्या शेवटी नदी फार उतरली आणि प्रवासी बोट आमच्या गावासमोर वाळूत रुतली. बोटीत एक वऱ्हाड होतं, पूर्वेच्या कसला शहराकडचं. नवरी खाली दोंगोला गावाच्या बाजूला द्यायची होती. बोट निघायला दोन-तीन दिवस लागणार, म्हणून बायका गावात उतरल्या आणि आमच्या अंगणात त्यांची सोय झाली. नवरीच्या डोक्याची धुळीने दशा झालेली. अर्थात सित्तनाला बोलावणं गेलं. मी डिंकाची वाटी धरून शेजारी बसले. वऱ्हाडाची कारभारीण होती बतूल म्हणून एक जाडी, हसरी बाई, नवरीची मावशी. आणि तिच्याबरोबर पाच वर्षांची एक चिमुरडी, इजलाल. ही बतूलच्या दुसऱ्या बहिणीची लेक. बहीण बाळंत झालेली, म्हणून पोरीला मावशीबरोबर धाडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरीचं डोकं झालं. पोर कधीची मागे लागली होती, "माझ्यापण! माझ्यापण!" सित्तनाने तिला ओढून मांडीत घेतलं. "ये बाई, तू तर खरी नवरी. किती उंटांना दिली तुला?"

"मी नाही जाणार. बाबांना माझ्याशिवाय झोप येत नाही."

सगळ्या हसल्या. सित्तनाने पोरीचं डोकं पुढे वाकवलं आणि मानेवरची वेणी सोडायला बोट घातलं. आणि थांबली.

मी वाटी पुढे केली होती. तिने घेतली नाही. मी बघितलं. पोरीच्या मानेवर एकच वेणी होती, आणि तिचं टोक चपटं होतं. तीन पेड शेजारी शेजारी, पट्ट्याच्या टोकासारखे.

"ती नको सोडू," पोर म्हणाली. "ती बंद आहे. बाबा ओरडतील."

"बाबा घालतात?" सित्तनाचा आवाज अगदी रोजचा होता. अल्लाशपथ, रोजचा.

बतूलला हसू आवरेना. "ऐका! पुरुष असून पोरीची वेणी घालतो आमचा मेहुणा. उंटाच्या म्होरक्या करतो ना, पोरीलाही तसंच आवळतो. बहिणीला म्हणतो, मानेवरची वेणी माझी, बाकीचं डोकं तुझं. माणूस लाख आहे हो, पण अर्धा वेडा. कुठलासा नदीकाठचाच आहे, तोंडाने सांगत नाही. लग्नाला चल म्हटलं, तर म्हणाला, मला नदीचं पाणी बाधतं."

मी तोंड उघडलं. नाव विचारणार होते, भर बायकांत विचारणार होते. सित्तनाचं कोपर माझ्या बरगडीत असं बसलं की वाटीतला डिंक सांडला.

"दुखतं का गं बाबा घालतात तेव्हा?" तिने पोरीला विचारलं.

"नाही. फुंकर मारतात."

बायकांचा गलका चालूच होता, कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. तिच्या अंगठ्याखाली ते चपटं टोक होतं आणि ती त्यावरून अंगठा फिरवत होती, नुसता फिरवत होती. मला वाटलं, आता ही रडणार, नाहीतर पोरीला मांडीवरून लोटणार. मी लोटलं असतं. मी माझं सांगते.

"मी सोडते आणि तशीच घालून देते," ती म्हणाली. "बाबा नाही ओरडणार."

"तुम्हाला येते तशी?" बतूल म्हणाली. "त्याला वाटतं जगात एकट्यालाच येते."

"बघू या."

तिने ती वेणी सोडली. टोकाचा डिंक न भिजवता सोडली, टोक मधून काढत, उलट्या वाटेने, त्याने शेवटी जे केलं ते आधी मोडत. मग केस विंचरले, तेल लावलं, पोरीच्या मानेवर पुन्हा बंद टोकाची वेणी घातली. त्याच्या वेणीपेक्षा कितीतरी बारीक. असली वेणी घालणारी दोनच माणसं होती, आणि त्यातलं एक पोरीबरोबर आलेलं नव्हतं. पोर घरी जाईल, बाप वेणी हातात धरेल, आणि ती कुणी घातली हे त्याला सांगावं लागणार नाही. मला ते तेव्हाच कळलं. शेवटी पोरीच्या मानेवर तिने फुंकर मारली. पोर खिदळली.

बोट वाळूतून निघाली. बायका ओरडत, हात हलवत गेल्या. बतूल जाताना सित्तनाला खजुराची टोपली देऊन गेली आणि गालांवर दहादा मुका घेऊन गेली. बिचारीला काय ठाऊक!

मी मात्र पेटले होते. घरी येताना वाटेतच सुरू झाले. "दोन बायका केल्या तर केल्या गं! चार चालतात, कोण नको म्हणतंय? पण सांग तरी मेल्या! सात वर्षं बाई जटा वागवतेय आणि हा तिकडे पोरीला फुंकरा मारतोय. चल, कसलाला गाडी जाते. मी येते बरोबर. दाढी धरून बाजारातून फिरवते त्याला."

"आणि काय म्हणू त्याला?" सित्तना म्हणाली. "मानेवरची सुटत आलीय, परत घाल?"

मी वाटेतला खडा लाथाडला.

"पोर जाईल घरी," ती म्हणाली. "त्याला कळेल की मला कळलं. मग त्याचं तो बघेल. नदी चढेपर्यंत वाट बघते. त्यानंतर नाही."

आणि वाट बघितली. तोंडाने एक शब्द नाही. पण बोटीची शिट्टी वाजली की तिच्या अंगणातला खलबत्त्याचा आवाज बंद व्हायचा. मी कामं टाकून घाटावर पळायची. सांगते खरं, एकदा तर झाडूच हातात घेऊन गेले. बोटीतून व्यापारी उतरले, शिपाई उतरले, मास्तर उतरला, शेळ्या उतरल्या. मी परत आले की ती भिंतीपलीकडून विचारायची नाही. मी मोठ्याने नवऱ्यावर ओरडायची, "आज नुसत्या शेळ्या आल्यात!" म्हणजे तिला कळायचं. मग खलबत्ता पुन्हा सुरू व्हायचा.

चिठ्ठी नाही, निरोप नाही, चार पैसे नाहीत. "मी आहे" एवढंही नाही. त्याने वेणी बघितली नसेल असं मला काही दिवस वाटलं. मग मला माझाच राग आला. जो माणूस पोरीची मानेवरची वेणी दुसऱ्याला घालू देत नाही, तो ती बघणार नाही? बघितली असणार. हातात धरली असणार. आणि गप्प बसला असणार, उंटासारखा रवंथ करत.

पावसाळा म्हणून आमच्याकडे काही नसतो. पाऊस पडतो तो लांब हबशांच्या डोंगरात, आमच्याकडे नुसती नदी लाल होते आणि चढते. त्या वर्षी ती एका रात्रीत खजुरांच्या मुळांपर्यंत आली. सकाळी सित्तना भिंतीच्या खिंडारातून माझ्या अंगणात आली. हातात सुई आणि तेलाची वाटी. तोब खांद्यावर, डोकं उघडं.

"बस," म्हणाली. "सोड माझ्या."

"अगं, तो जिवंत आहे," मी म्हटलं. मला भीतीच वाटली. "जिवंत माणसाचा दुखवटा? पाप लागेल."

"तो आहे गं. तो खुशाल असू दे, त्याच्या पोरीचं आयुष्य वाढो. माझा नवरा गेला. मला बसू दे त्याच्यासाठी. सगळ्यांना बसायला मिळतं."

मी तिच्या हातातली सुई घेतली.

सकाळपासून दुपारपर्यंत मी सोडत होते. खालच्या वेण्या पटकन सुटल्या, तिने सांगितल्याप्रमाणे टोकं मधून काढत गेले. मुळाशी मात्र सात वर्षांचा गुंता. "कापू का?" मी तीनदा विचारलं. तीनदा "नाही" म्हणाली. सुईने एकेक केस वेगळा केला. तिला दुखत असणार, पण हूं की चूं नाही. मधेच म्हणाली, "बंद टोकाचं हेच असतं रझीना. वर घालावं तेवढं खाली उलटं गुंततं. इकडे माझा गुंता वाढत होता ना, तेव्हाच समजायला हवं होतं की तिकडे त्याची वेणी छान पडतेय." तिने खुंटीवरची वादी मांडीत आणली होती. मी तिचे केस सोडत होते आणि ती वादी सोडत होती. शेवटी तिच्या हातात नुसता चपटा पट्टा राहिला, दोन चिरा आणि दोन्ही टोकं अखंड. काही कापलं नव्हतं, काही तुटलं नव्हतं. पण चामड्याला वळ पडले होते. तिने तो पट्टा मांडीवर दाबून दाबून सरळ करायचा प्रयत्न केला. नाही झाला.

मग ती पांढरं नेसून चटईवर बसली आणि गावात बातमी झाली. हबूबा मदीना काठी न टेकताच आली. "आली शेवटी पोर शुद्धीवर!" बायका जमल्या, कर्रारच्या नावाने आक्रोश झाला. किती भला होता, हात कसा होता, समुद्राने घास घेतला. मलाही गळा काढावा लागला. आणि खरं सांगते, मी काढला तो मनापासून. तो खरंच बुडाला असता तर किती बरं झालं असतं, याचंच मला रडू येत होतं. सित्तना डोळे कोरडे ठेवून सगळ्यांकडे बघत होती. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय.

चार महिने दहा दिवस ती बसली. एक दिवस कमी नाही. मी भाकरी नेऊन देत होते. मोकळे केस खांद्यावर पडलेले, त्यात पांढरे बरेच निघाले. माणसाला रडायचं असतं तर चार महिने पुरतात. ती रडलेली मी ऐकली नाही, आणि भिंत तर निम्मीच होती.

दुखवटा सुटला त्या दिवशी बायका अत्तर आणि मेंदी घेऊन आल्या. आता वेण्या घालायच्या. आणि मग सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. कारण वेण्या घालणार कोण? वेणीवालीच तर बसली होती दुखवट्याला. समोरच्या आणि कानावरच्या तिने आपल्या आपण घातल्या, बायकांची गाणी चालू असताना. मग माझ्याकडे पाठ करून बसली आणि मान पुढे वाकवली. एवढ्या वर्षांत तिची ती मान गावाने उघडी पाहिली नव्हती. गाणं आपोआप थांबलं.

मला कुठली येतेय वेणी! माझे हात शेणामातीचे. तरी घातली. डावा मधल्यावरून, उजवा मधल्यावरून, ओठांत मोजत. मग मी डिंकाची वाटी ओढली आणि हळूच विचारलं, "टोक आधी बंद करायचं होतं का गं?"

"नको," ती म्हणाली. "डिंकच नको. उघडं राहू दे."

"सुटेल की."

"सुटू दे. परत घाल."

तेव्हापासून दर गुरुवारी ती खिंडारातून येते, माझ्यासमोर पाठ करून बसते आणि मी तिच्या मानेवरच्या वेण्या घालते. त्या वाकड्या येतात. भांग सरकतो, एक पेड जाड आणि दोन बारीक, शनिवारपर्यंत निम्म्या सुटलेल्या असतात. मला दिसतं ना. आणि हीच बाई अजून गावातल्या प्रत्येकीच्या डोक्यात खोड काढते. परवा गावप्रमुखाच्या सुनेला म्हणाली, "ही वेणी आहे की सरड्याचं शेपूट?" माझ्या वेण्यांवरून ती बोट फिरवते, चाचपते, तोब ओढून घेते आणि "अल्ला तुझे हात सलामत ठेवो" म्हणून निघून जाते. कधी एक शब्द वाकडा बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.